पडद्याच्या कडेची पट्टी

रविवारी दुपारी आम्ही बुद्धिबळवेडे ऑनलाइन जमतो. दोन ग्रँडमास्टर कुठल्याशा परदेशी हॉलमध्ये खेळत असतात आणि आम्ही आपापल्या घरी बसून त्यांच्या चालींची चिरफाड करत असतो. पडद्याच्या कडेला एक पट्टी असते. डाव कुणाकडे झुकलाय ते संगणक तिच्यावर दाखवतो. ती फक्त आम्हाला दिसते, खेळणाऱ्यांना नाही.

आज पांढऱ्यानं घोडा हलवला आणि अख्खी पट्टी काळी झाली.

‘गेला बिचारा,’ जोशीकाकांनी लिहिलं.

‘अहो, त्याला अजून पत्ताच नाही,’ कुणीतरी हसत्या चेहऱ्यासकट लिहिलं.

खरंच नव्हता. तो शांतपणे पाणी प्यायला आणि त्यानं बाटलीचं झाकण नीट फिरवून लावलं. मला ते झाकण लावणं बघवेना.

बाबांचा रिपोर्ट आला तेव्हा आमचंही असंच झालं होतं. आम्हाला सगळं कळलेलं, त्यांना काहीच नाही. दवाखान्याच्या खाटेवर बसून ते गच्चीवरची पाण्याची टाकी कुठे हलवायची ते समजावत होते आणि आम्ही ‘हो, हो’ म्हणत होतो.

पडद्यावर त्या खेळाडूनं पटावरून नजर उचलली. समोरच्याच्या चेहऱ्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. काय चुकलं ते त्याला तिथेच वाचता आलं असावं, कारण त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

बाबाही त्या दिवशी बोलता बोलता थांबले. त्यांनी एकेक करून आमचे सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि म्हणाले, ‘टाकीचं राहू दे.’