जुन्या मंडळाचं आणखी एक वर्ष

माझी बायको चाकणच्या एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. अकरा वर्षं झाली, सगळी कंत्राटावर. गेल्या वर्षी तिथे कायम नर्सच्या दोन जागा निघाल्या. त्यातली एक तुझी, असं मेट्रनबाईंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. फक्त नोंदणी चालू हवी. नर्सची नोंदणी राज्याचं मंडळ करतं आणि दर पाच वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते. तिची मार्चअखेर संपत होती.

घरातले सगळे कागद मी बघतो. तिच्या प्रशिक्षणाच्या तासांची बेरीज दोनदा तपासून, मूळ प्रमाणपत्रं आणि झेरॉक्स वेगवेगळ्या पाकिटांत घालून मी फेब्रुवारीतच फाइल तयार केली. अर्ज मात्र भरला नाही.

आरोग्य क्षेत्रातली जुनी मंडळं जाऊन नवी येणार, जुन्यांची मुदत मार्चलाच संपते, असं पेपरात आलं होतं. मी सुट्या भागांच्या कारखान्यात स्टोअरला आहे. आमच्याकडे कामगारांचा ठेकेदार बदलला की त्याने दिलेले गेटपास त्याच दिवशी रद्द होतात आणि नवा ठेकेदार सगळ्यांचे नव्याने करतो. म्हणून शेवटच्या महिन्यात जुना पास कोणी वाढवून घेत नाही. मी तोच हिशेब मंडळाला लावला. स्टोअरमधल्या जोडीदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "राव, जाणाऱ्या ठेकेदाराकडनं कोण पास काढतं?"

बायको मात्र म्हणाली, "अहो, भरून टाका ना. माझ्या नोकरीला तुमचा गेटपास कशाला लावताय?"

"तेच कागद एप्रिलात पुन्हा द्यावे लागतील. थोडं थांब."

ती थांबली.

चार एप्रिलला कंपनीची बस कुरुळीपाशी ट्रकांच्या रांगेत अडकली होती, तेव्हा मोबाइलवर बातमी दिसली. जुन्या मंडळाला एक वर्षाची मुदतवाढ. नवं मंडळ येईपर्यंत तेच काम बघणार, नोंदण्यांच्या तारखा होत्या तशाच राहणार. म्हणजे तिची नोंदणी संपून चार दिवस झाले होते. बातमी मी तीनदा वाचली. घरी पोचल्यावर चपला न काढता अर्ज भरला. मंजुरीला तीन आठवडे लागणार होते आणि मुलाखती त्याच आठवड्यात होत्या.

मेट्रनबाई तिला म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला मुलाखतीला बसवता येणार नाही. आणि कागद येईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही. उद्या काही झालं तर दोघी अडकू." तिला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. त्या दिवसांत ती युनिफॉर्म न घालता घरून निघायची.

आमची घरमालकीण गावातली जुनी म्हातारी. रोज सकाळी बायकोकडून इन्शुलिन टोचून घ्यायची. बायकोने तिलाही नाही म्हटलं.

"का गं? हात मोडला व्हय तुझा?"

"नोंदणी संपलीय, आजी. थोडे दिवस दवाखान्यात जा."

"मला न्हाई लागत कागद. टोच गुमान."

बायकोने टोचलं नाही. म्हातारी रिक्षाने दवाखान्यात जाऊ लागली. एकदा रिक्षात चढताना मला म्हणाली, "तुमीच थांबवलं म्हनं तिला."

मी हो म्हणालो.

नोंदणी आली, पण तोवर दोन्ही जागा भरल्या होत्या. लागलेल्यांपैकी एक मुलगी बायकोच्याच हाताखाली शिकलेली. तिला शीर सापडली नाही की अजूनही ती हिलाच हाक मारते आणि ही जाते. पुढच्या जागा कधी निघतील हे कोणी सांगत नाही. मंडळाचं मुदतवाढीचं वर्षही सरत आलंय. पुढे काय, यावर स्टोअरमध्ये जोडीदार बोलू लागला की मी मागच्या रॅकवरचा माल मोजायला जातो.

बायको माझ्याशी भांडली नाही. नोंदणी आली त्या दिवशी तिने फाइल मागून घेतली, पाकिटं उघडून एकेक कागद पाहिला आणि फाइल स्वतःच्या कपाटात ठेवली. आता पुढची तारीख तिच्या लक्षात असते. मलाही ती पाठ आहे, पण मी तिच्याकडे विषय काढत नाही.