जपूनरावांचं जाकीट

आमच्या ह्यांना सगळे जपूनराव म्हणतात. नाव माझ्या थोरल्या भावाने ठेवलं आणि ते असं काही चिकटलं, की ह्यांच्या फोटो स्टुडिओत येणारी गिऱ्हाइकंही तेच नाव घेऊन हाक मारतात. स्टुलावर चढणाऱ्याला ‘जपून’, गरम चहा पिणाऱ्याला ‘जपून’, शिंकणाऱ्यालासुद्धा ‘जपून’. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, चला, काळजी घेणारा माणूस मिळाला. निघाले भित्री भागूबाई! ह्यांच्याकडे प्रत्येक वस्तू जोडीने असते. दोन छत्र्या, दोन चष्मे आणि कॅमेऱ्याचे दोन रिमोट.

रिमोट म्हणजे आगपेटीएवढी डबी, तिला एक बटण. प्रत्येक कॅमेऱ्यावर तिचा इशारा झेलणारी दुसरी डबी बसवायची आणि सगळ्यांचा चॅनल एकच ठेवायचा. मग तार नको, काही नको, एका बोटासरशी सगळे कॅमेरे वाजतात. एक रिमोट ह्यांच्या हातात आणि दुसरा, बॅटरी घातलेला, जाकिटाच्या आतल्या खिशात. अगदी वेळेवर पहिल्याने दगा दिला तर?

दादाचा धंदा बरोबर उलटा. तो सुरुंग लावून जुनी बांधकामं पाडतो. ‘जपून’ ऐकलं की तो खो खो हसायचा.

एका बंद कारखान्याचं धुरांडं पाडायचं काम दादाकडे आलं आणि फोटोंचं काम ह्यांच्याकडे. धुरांडं काय दोनदा पडत नाही, म्हणून ह्यांनी तीन कॅमेरे लावले. एक धुरांड्याजवळ वाळूच्या पोत्यांआड, एक शेडच्या छपरावर आणि एक आमच्याजवळ, लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे. बटण दाबून पाहिलं, तिन्ही वाजले. कॅमेरे तसेच चालू ठेवले, कारण नंतर आत जायची कोणालाच परवानगी नव्हती.

मग दादा पत्र्याची पेटी घेऊन आला. “फोन, वॉकीटॉकी, बिनतारी जे काही असेल ते इथे टाका. मी खाली तारा जोडत असताना हवेत एकही सिग्नल नको. नव्व्याण्णव वेळा काही होणार नाही. शंभराव्या वेळी सुरुंग माझ्या हातातच उडेल.”

ह्यांनी हातातला रिमोट पेटीत टाकला. बोचरा वारा सुटला होता आणि दादाच्या अंगात नुसता सदरा. ह्यांनी आपलं जाकीट काढून त्याच्या खांद्यावर घातलं. “दादा, छातीत गारठा भरेल. जपून.”

दादा हसला, जाकीट चढवून चेन ओढली आणि पडक्या भिंतीमागे दिसेनासा झाला.

आम्ही दोरीपाशी उभे होतो. थोड्या वेळाने शेजारचा कॅमेरा वाजला. खट.

“अहो, हात लागला का?”

ह्यांनी आपले दोन्ही रिकामे हात माझ्यापुढे धरले. तेवढ्यात पुन्हा, खट. ह्यांनी आपली छाती चाचपली.

“जाकीट,” हे म्हणाले. “दुसरा रिमोट जाकिटात आहे.”

दुसरा रिमोट ह्यांच्या लेखी रिमोट नव्हताच. गुंडीसारखा तो जाकिटाचाच झाला होता. पेटीपुढे उभं असताना तो ह्यांना आठवलाच नाही. आता दादा तारा जोडायला वाकला की खिशातलं बटण दाबलं जात होतं, तेही सुरुंगाच्या तोंडाशी. फोन पेटीत होते. मी हाक मारली, पण वारा उलटा. भिंतीपलीकडे काय पोहोचणार?

“तू इथून हलू नकोस,” असं म्हणून हे दोरीखालून गेले. दोरीवरच्या पहारेकऱ्याने मागून बखोट धरलं, तर त्याला हिसडा देऊन पळाले. मोकळा रस्तासुद्धा चारदा बघून ओलांडणारा माझा नवरा सुरुंगाच्या दिशेने धावत सुटला.

मी कॅमेऱ्याशेजारी उभी राहिले. भिंतीमागचं काही दिसत नव्हतं, कळत होतं ते त्या खटक्यावरूनच. वाजला की वाटायचं, आता गेले दोघंही. वाजला नाही की वाटायचं, वाटेतच ह्यांना काही झालं का? माहेर आणि सासर दोन्ही त्या भिंतीमागे होतं. मी पदर तोंडात कोंबला आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिले. खट. मग बराच वेळ काहीच नाही. मग आणखी एकदा, खट.

त्यानंतर तो वाजला नाही.

दोघं भिंतीआडून चालत आले. दादा नुसत्या सदऱ्यात होता. ह्यांची मूठ इतकी घट्ट आवळलेली, की मला एकेक बोट उलगडावं लागलं. आत रिमोटची बॅटरी होती. दादा म्हणाला, “डबी अस्तरात अडकली होती. बटणावर बोट पडल्याशिवाय बाहेर निघेना.”

जाकिटाशिवाय परत जाऊन दादाने काम पुरं केलं. सगळं तपासून, सगळ्यांना लांब नेऊन त्याने पेटीतला रिमोट ह्यांच्या हातात दिला. ह्यांचा अंगठा बटणावर टेकेना. “तूच दाब,” हे मला म्हणाले. दादाने तारेने सुरुंग उडवला, मी कॅमेऱ्यांचं बटण दाबत राहिले आणि धुरांडं गुडघे टेकून बसल्यासारखं खाली आलं. फोटो चांगले आले, सगळ्यांनी वाखाणले.

जाकिटातल्या रिमोटच्या शेवटच्या खटक्याला पोत्यांआडच्या कॅमेऱ्याने टिपलेला फोटो मात्र आम्ही कोणाला दाखवलेला नाही. त्यात दादा दोन्ही हात तारांपासून दूर, वर धरून बसला आहे आणि ह्यांचा हात त्याच्या छातीशी, जाकिटाच्या आतल्या खिशात आहे. ह्यांनी डोळे गच्च मिटले आहेत. दादाचे उघडे आहेत. लहानपणापासून मी त्याला पाहते आहे, पण तो इतका घाबरलेला कधीच दिसला नव्हता.

अजूनही घरात कॅमेरा वाजला की मी आधी ह्यांचे हात बघते. आणि दादा कामावर निघाला की ह्यांना फोन करतो. दोघं फारसं बोलत नाहीत. हे म्हणतात, “जपून.” तो पलीकडून म्हणतो, “हो.”

पूर्वी तो हसायचा.