न विचारलेल्यांचा पिवळा रंग

गावात असं बोललं जातं की वेर्नर टॉयक्काला रोंडा लुओमानं मारलं. सकाळी कॉफीच्या दुकानात ठाण मांडणारे म्हातारे तर डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतात, "अरे, बढती दिली नाही ना, म्हणून तिनं हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरची वाट लावली. जाता जाता!" एकजण मान हलवतो, दुसरा वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवतो, आणि ज्याला सगळ्यांत कमी माहिती असते तो म्हणतो, "मला तर आधीपासूनच वाटत होतं."

साफ खोटं. रोंडानं वाट लावली नाही. वाट लागत होती तेव्हा ती एकटी आडवी आली, आणि तिला उचलून बाजूला ठेवलं गेलं.

तांब्याच्या खाणी बंद पडल्यावर आमच्याकडे पगार देणाऱ्या दोनच जागा उरल्या: तुरुंग आणि हॉस्पिटल. रोंडाचा नवरा पहिलीत पहारेकरी. ती दुसरीच्या तळघरात डेटाबेस सांभाळायची. "काय रोंडा, कसं काय?" म्हटलं की "चाललंय." बर्फाच्या ओझ्यानं गॅरेजचं छप्पर खाली आलं, त्या दिवशीही "चाललंय."

त्या डेटाबेसात एक रकाना होता: कुठल्या औषधाचा त्रास होतो का? नर्सनं विचारलं आणि पेशंट 'नाही' म्हणाला, तर रकाना रिकामा राहायचा आणि पडद्यावर पांढरा दिसायचा. विचारायचंच राहून गेलं असेल, तर आत 'माहीत नाही' अशी खूण पडायची आणि रकाना पिवळा व्हायचा. ही सोय रोंडाची. नर्सा एकमेकींना ओरडून सांगायच्या, "ए, रोंडाचं पिवळं आलंय गं, विचार त्याला!"

मग दक्षिणेकडच्या एका बड्या कंपनीनं हॉस्पिटल विकत घेतलं. आमचा जुना डेटाबेस सोडायचा आणि सगळी माहिती त्यांच्या डेटाबेसमध्ये हलवायची, असं ठरलं. त्यासाठी डार्लीन प्रुएट नावाची साहेबीण आली. हिचं प्रत्येक वाक्य 'टीम'नं सुरू. "टीम, आपण हे एन्जॉय करणार आहोत." "टीम, कॉफी संपलीय." सोबत ट्रेव्हर नावाचा कंत्राटी पोरगा, ज्याच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट 'होऊन जाते.'

दोन्हीकडे तक्तेच, ओळी आणि रकानेच. पण 'रिकामं' आणि 'माहीत नाही' यांतला फरक नव्या डेटाबेसला कळत नव्हता. त्याला दोन्ही सारखंच. पहिल्याच चाचणीत रोंडाला दिसलं की पिवळे सगळे पांढऱ्यांत मिसळलेत आणि आता कोण कुठला ते सांगता येत नाही.

ट्रेव्हर खुर्चीत गरागरा फिरत म्हणाला, "ओळी जुळल्या ना? गेल्या तेवढ्या आल्या. मग झालं!"

"ओळी आल्या. कोणाला विचारलंय आणि कोणाला नाही, ते आलं नाही."

"मग सगळ्या रिकाम्यांत 'त्रास नाही' भरू. नव्या प्रोग्रॅमला तसाही रकाना मोकळा चालत नाही. होऊन जातं."

"ज्याला विचारलंच नाही, त्याच्या तोंडी उत्तर घालायचं?"

"काकू, तुम्ही फार मनाला लावून घेता बुवा."

रोंडा डार्लीनकडे गेली. विचारलं की नाही एवढ्यासाठी एक वेगळा रकाना करू द्या, थोडे दिवस द्या, म्हणाली. डार्लीननं तिचा हात हातात घेतला. "रोंडा डिअर, तारीख वरून आलीय. तुझी तळमळ कळते गं मला."

"तळमळ नाही. माणसं आहेत."

हलवाहलवीच्या शनिवारी दुपारी रोंडा कीबोर्डवर बसली होती. एकामागून एक तक्ते गेले. त्या रकान्याची पाळी आली तेव्हा तिनं काम थांबवलं आणि हात मांडीवर ठेवले. "हे मी लिहिणार नाही."

डार्लीन पहिल्यांदाच 'टीम' न म्हणता बोलली. "मग ऊठ."

ट्रेव्हर बसला. एका हातात मांस भरलेली पॅस्टी, दुसऱ्या हातानं त्यानं सगळ्या रिकाम्यांत 'त्रास नाही' भरणारी एक आज्ञा लिहिली. "झालं! बघा, वेळ लागला का?" टाळ्या वाजल्या, केक कापला. रोंडाचं ओळखपत्र दारातच काढून घेतलं. बाहेर पडताना तिनं कॅथी नर्सला एवढंच सांगितलं, "सगळ्यांना विचार. पडद्यावर काहीही दिसो."

कॅथीनं विचारलंही, काही दिवस. पण नवा प्रोग्रॅम एकेका पेशंटला लागणारा वेळ मोजायचा, आणि जास्त लागला की नर्सचं नाव लाल व्हायचं. कॅथीचं नाव तीनदा लाल झालं. मग तिनंही सोडून दिलं.

वेर्नर करवती दुरुस्त करायचा. मागे कधी तरी मांडी कापून घेऊन आला होता. रक्ताच्या त्या गडबडीत त्याला विचारायचं राहिलं आणि त्याचा रकाना पिवळाच राहिला. या हिवाळ्यात तो ताप-खोकला घेऊन स्वतः गाडी चालवत आला. पडद्यावर 'त्रास नाही.' इंजेक्शन दिलं. त्याचा घसा आवळला, आणि तो गेला.

चर्चच्या तळघरात, मातीनंतरच्या कॉफीला, त्याची बहीण सगळ्यांना सांगत होती, "लहानपणी याच औषधानं निळा पडला होता तो. विचारलं असतं तर बोलला असता की. मुका नव्हता माझा भाऊ." रोंडा शेजारीच कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला, कोट घातला आणि चालत घरी गेली.

मी तिच्या शेजारच्या घरात राहते. दुसऱ्या दिवशी तिच्या परसातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, पायरीवर बसून मी म्हटलं, "रोंडाकाकू, आता तरी ते सगळ्यांना पुन्हा विचारतील. माणूस गेलाय!"

"नाही विचारणार."

"पैज?"

"लाव."

मी जिंकले तर तिनं मला ट्रक चालवायला शिकवायचं. हरले तर हिवाळाभर सौनापर्यंतचा बर्फ मी उपसायचा.

पुढच्याच आठवड्यात मी शाळेच्या पायऱ्यांवरून घसरले आणि मनगट मोडून घेतलं. हॉस्पिटलात नवी नर्स होती, अंगाई म्हणावी तशी बोलणारी. पडद्याकडे बघत ती लाडानं म्हणाली, "कुठल्याच औषधाचा त्रास नाही, छाऽऽन!" मी तोंड उघडलं, तोवर बाई पुढच्या रकान्यावर पोचल्या होत्या.

प्लास्टर निघाल्यावर मी फावडं घेऊन रोंडाकाकूच्या दारात उभी राहिले. तिनं फावड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हात दुखतोय का अजून?" तिनं विचारलं, आणि मी उत्तर देईपर्यंत थांबली.