कपाटातली शंकूची शीट

या सदरात येणारे अनुभव मी गेली काही वर्षे नियमित वाचते, आणि खरे सांगायचे तर वाचून झाल्यावर मनातल्या मनात त्यांतल्या फटी शोधते. दार नीट लागले नसेल, माणूस थकलेला असेल, सांगणाऱ्याने पुढे चार गोष्टी जोडल्या असतील... माझा पेशा शिक्षिकेचा, तोही इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा. ज्या वस्तूला लांबी, रुंदी, उंची नाही तिच्याविषयी बोलण्याची मला सवय नाही. लिहिण्याचीही नाही. हा माझा पहिलाच लेख, आणि तोही निवृत्तीनंतर लिहायला घेतलेला. तेव्हा काही उणे-अधिक झाल्यास सांभाळून घ्यावे. भीती वाटावी असे यात काही नाही. मलाही ती वाटली नव्हती. मला राग आला होता — आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

वारज्याच्या पुढे, महामार्गालगतच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी नोकरीला लागले तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. पदवी जुनी होती; मुले मोठी होईपर्यंत ती नुसती फ्रेममध्ये राहिली. विभागातले सहकारी वयाने माझ्याहून लहान आणि अनुभवाने मोठे. मीटिंगमध्ये मी शेवटच्या खुर्चीवर बसे आणि विचारल्याशिवाय बोलत नसे. प्रोबेशन चालू होते. पहिल्या वर्षाची ड्रॉइंग तेव्हा अजून संगणकावर गेली नव्हती. मुले भलेमोठे ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसमध्ये चढत आणि कंडक्टरची बोलणी खात.

ज्यांनी पुण्यात इंजिनिअरिंग केले आहे त्यांना 'जीटी' समजावून सांगावी लागणार नाही. इतरांसाठी सांगते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर एक काच आडवी ठेवायची, खाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपला कोरा कागद — आणि खालून दिसणारी प्रत्येक रेघ गिरवायची. सबमिशनच्या आठवड्यात आमच्या हॉस्टेलच्या खिडक्यांना काचा शिल्लक नसत.

आमच्या विभागप्रमुखांनी — त्यांना इथे जोगळेकर सर म्हणते, नाव खरे नाही — यावर तोड काढली होती. त्यांच्या केबिनमध्ये काचेचे एक टेबल होते आणि काचेखाली ट्यूबलाइट. संशय आला की दोन शीट एकावर एक ठेवायच्या आणि बटण दाबायचे. "ज्या काचेवर चोरी, त्याच काचेवर पंचनामा," असे ते म्हणत. पकडला गेलेल्याने माफीनामा लिहायचा, शीट पुन्हा काढायची, की टर्म ग्रँट. ग्रँट झाली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, वर्ष जाते. माफीनाम्याचा मजकूर ठरलेला होता, आणि मुले तोही एकमेकांचा बघून लिहीत. याचे हसू मला सोडून कुणाला येत नसे, आणि मीही ते रुमालात लपवीत असे.

त्या वर्षी माझ्या बॅचमध्ये संगीता नावाची मुलगी होती. हिंजवडीची. घरची जमीन कंपन्यांच्या इमारतींखाली गेलेली. "जिथं आमचा ऊस व्हता तिथं आता पार्किंग हाय," असे ती अगदी सहज सांगे. तिला कॉलेजात घालायला वडील नाखूशच होते. एक वर्ष जरी वाया गेले तरी घरी बसायचे, या अटीवर तिला पाठवले होते. ती जीटी करीत नसे, आणि त्याचे कारणही तिने कधी तत्त्व म्हणून सांगितले नाही. "मॅडम, दुसऱ्याची रेघ गिरवली की ती कुठनं आली ते मला कळत न्हाई," एवढेच ती म्हणाली होती.

आता शीटविषयी. उभ्या शंकूला तिरके कापले तर कापलेली बाजू कशी दिसेल, ते काढायचे होते. सरळ रेषा पट्टीने येतात, त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. पण शेवटची वक्ररेषा ठरावीक बिंदूंमधून हाताने न्यावी लागते. ती सहीसारखी असते. दोघांची जुळत नाही. एकाच माणसाची दोनदा जुळत नाही.

संगीता ही वक्ररेषा काढीत असताना मी तिच्या शेजारी उभी होते. दुपारची वेळ, ड्रॉइंग हॉल भरलेला. बोर्डावर तिचा कोरा कागद, खाली लाकूड — काच नाही, दिवा नाही. अचानक वाऱ्याने खिडकीचे तावदान आपटले आणि खळकन फुटले. सगळा वर्ग दचकला. संगीताचा हात हलला आणि चढणीच्या अर्ध्यावर रेघेत एक बारीक हिसका उमटला.

"मॅडम, पुसू का?"

"नको, अगं. आता खोडलंस तर कागद खरडला जाईल. राहू दे."

तो हिसका तिथेच राहिला. मीच तो ठेवायला सांगितला होता.

पुढच्या आठवड्यात सरांच्या केबिनमध्ये डेड स्टॉकची तपासणी होती. वस्तू मोजायला त्यांनी मला बोलावले. तिथल्या लोखंडी कपाटाची एकुलती एक किल्ली सरांच्या जुडग्यात असे. सगळ्यात खालच्या कप्प्यात शिकवण्याचे लाकडी ठोकळे होते — शंकू, लोलक, घन — कित्येक वर्षांत कुणी न हलवलेले. मी ते एकेक करून बाहेर काढले. खाली कप्प्याला एक जुनी शीट अंथरलेली होती. पिवळी पडलेली, कडा मोडायला आलेल्या, उजवीकडचा खालचा कोपरा कापलेला. आमच्याकडे शीट तपासून झाली, की नाव, गुण आणि सही असलेला तो कोपरा कात्रीने कापून टाकण्याची पद्धत होती. नाही तर पुढच्या वर्षी कुणी तरी नाव खोडून तीच शीट परत देई. कापलेल्या शीट मग कप्प्यांत अंथरल्या जात.

मी धूळ पुसली आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अहो सर, ही तर संगीताची शीट!"

शंकू तोच. छेद तोच. आणि वक्ररेषेच्या चढणीवर, अर्ध्यात, तोच हिसका.

 सरांनी बॅचच्या गठ्ठ्यातून संगीताची शीट काढली, दोन्ही काचेवर ठेवल्या आणि बटण दाबले. कागद दोन आहेत हे फक्त कडांवरून कळत होते. रेघ एकच होती.

"वा," सर म्हणाले. "मॅडम, इतकी स्वच्छ जीटी मी उभ्या नोकरीत पाहिली नाही."

"सर, ती माझ्यासमोर काढली आहे तिने. तो हिसका... त्या वेळी काच फुटली होती, मी शेजारी उभी होते."

"मग ही शीट तिने कपाटातून कशी मिळवली?"

"तिने मिळवली नाही, सर. किल्ली आपल्याकडे असते."

"म्हणजे मी दिली?"

"तसं नाही म्हणत मी."

"तुम्ही नाही, मी नाही, ती नाही. मग राहिलं कोण? भूत?" त्यांनी चष्मा पुसला. "आणि मॅडम, भुताला फर्स्ट इयरची टर्म ग्रँट कधीपासून लागायला लागली?"

संगीताला बोलावण्यात आले. तिने दोन्ही शीट पाहिल्या, बराच वेळ पाहिल्या, आणि म्हणाली, "मी कुणाचं बघून काढलेलं न्हाई, सर."

"माफीनामा लिहा. विषय संपेल."

"केलंच न्हाई, तर लिहू काय?"

बाहेर व्हरांड्यात बॅचची मुले तिला समजावीत होती. "अगं, लिहून टाक ना यार, मी तीन लिहिलेत." "माझा बघून लिही, हवा तर." ज्यांनी सगळे वर्ष काचेवर काढले होते त्या सगळ्यांच्या टर्म ग्रँट झाल्या होत्या. अडकली होती ती एकटी. मी स्टाफरूमच्या दाराआड उभी राहून हे ऐकत होते आणि माझे कान तापले होते.

सरांनी तिला दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये, आमच्या दोघांच्या समोर, तीच शीट पुन्हा काढायला लावली. कागद सरांनी स्वतः सही करून दिला. तिने काढली, उत्तम काढली. हिसका अर्थातच नव्हता. त्या दिवशी काच फुटली नव्हती. काचेवर ठेवल्यावर रेघ जुनीशी जुळेना.

"बघा," सर म्हणाले, "हा हिचा हात. म्हणजे आधीचा हिचा नव्हता."

"आणि जुळली असती तर, सर?"

"तर पाठ केली म्हटलं असतं." हे मात्र त्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितले.

त्या दिवशी मी आयुष्यात प्रथमच न विचारता कागद पुढे ओढला आणि लिहिले: सदर शीट विद्यार्थिनीने माझ्या उपस्थितीत, कोऱ्या कागदावर, कशाचाही आधार न घेता काढली. कपाटातील शीटशी तिचे पूर्ण साम्य मी पाहिले आहे. त्याचे कारण मला माहीत नाही.

सरांनी ते संगीतासमोरच मोठ्याने वाचले. "शेवटचं वाक्य काढा. त्या एका वाक्यामुळे आधीची दोन खोटी वाटतात."

"ते काढलं तर आधीची दोन खरी राहत नाहीत, सर."

"तुमचं कन्फर्मेशन याच टर्मला आहे ना?"

"हो."

"तरी?"

मी सही केली. 

संगीताची टर्म ग्रँट झाली. गुण काठावरचे. माझे कन्फर्मेशन वर्षभर पुढे गेले. सरांनी कपाटातली शीट गुंडाळून माझ्या हातात दिली — "हा तुमचा पाहुणा घेऊन जा" — आणि पुन्हा त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. संगीताला मी बातमी सांगितली तेव्हा तिने विचारले, "सरांच्या शेऱ्यात काय लिहिलंय, मॅडम? केलं न्हाई, असं?"

"नाही. 'सिद्ध झाले नाही', असं."

"म्हंजे केलंय, पण घावलं न्हाई." ती बोर्ड उचलून बसस्टॉपकडे गेली.

मला आजही राग आहे तो याचाच. खोटे लिहिणाऱ्यांसाठी तयार मजकूर होता. खरे सांगणारीसाठी त्या ऑफिसात एक वाक्य नव्हते.

आता जे मी त्यानंतर कुणालाही सांगितले नाही ते सांगते. टर्म संपल्यावर नेहमीप्रमाणे मी स्टाफरूममध्ये बसून बॅचच्या शीटचे कोपरे कापीत होते. विभागाच्या कात्रीचा स्क्रू ढिला होता. संगीताची शीट कापताना कात्री मध्येच घसरली आणि तिरक्या कापाला एक पायरी पडली. मी चरकले ते का, हे क्षणभर मलाच कळले नाही. मग टेबलाच्या खणातून तो 'पाहुणा' काढला आणि कोपऱ्यावर कोपरा ठेवला.

पायरी तीच होती.

हिसका संगीताच्या हाताचा होता. तिथवर निदान तिच्याविषयी बोलणे चालले होते. पण हा काप माझ्या हाताचा होता, नुकताच, माझ्या डोळ्यांदेखत झालेला. आणि तो त्या पिवळ्या कागदावर आधीपासून होता. ठोकळ्यांखाली, बंद कपाटात. मी दोन्ही शीट एकत्र गुंडाळल्या, एका नळीत घातल्या आणि घरी आणून माळ्यावर टाकल्या. या सगळ्या वर्षांत योगायोग, थट्टा, दृष्टिभ्रम, माझे स्वतःचे वय — सगळे ताडून पाहिले. एकही उत्तर सगळ्या बिंदूंमधून जात नाही.

गेल्या दिवाळीत संगीता फराळाला आली. विश्रांतवाडीला तिचे स्वतःचे डिझाइनचे ऑफिस आहे, मुलगी दहावीला आहे. बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, ती शीट टाकून दिलीत का हो? मुलीला दाखवायची होती. एवढी भांडले तिच्यासाठी."

मी नळी काढली. दोन्ही शीट तिच्यासमोर पसरल्या आणि तेव्हाच माझ्या लक्षात आले. इतकी वर्षे एकमेकींत गुंडाळून राहिल्यामुळे असेल, माळ्याच्या उष्णतेने असेल — दोन्ही सारख्याच पिवळ्या पडल्या होत्या. दोन्हींच्या कडा मोडत होत्या. नाव कुठेच नव्हते. नावाचे कोपरे मीच... निदान एक तरी मीच कापला होता. संगीता खाली वाकून आळीपाळीने दोन्हींकडे पाहत राहिली.

"यातली माझी कुठली, मॅडम?"

कुठल्याही एकीवर बोट ठेवता आले असते. ती आनंदाने घेऊन गेली असती, मुलीने भिंतीवर लावली असती, आणि या जगात कुणालाही ते खोडून काढता आले नसते.

"मला माहीत नाही, संगीता."

 तिने दोन्ही शीट नीट जुळवून गुंडाळल्या, नळीत घातल्या आणि नळी माझ्या हातात दिली.

"तेव्हापन तुमी हेच लिहिलं व्हतं," ती म्हणाली.