वेताळाला पाच सेकंद

बाबांना लकवा मारला तेव्हा ते शाळेतून निवृत्त होऊन फार काळ झाला नव्हता. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटू लागला आणि वाचा बसली. ज्या माणसाने जन्मभर खोडाळ्याच्या आसपासच्या शाळांत बोलून पोट भरलं, त्याची वाचा बसली. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, की शब्द परत येऊ शकतील, पण आधी त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. तेच तर वाटत नव्हतं. जव्हारला माझ्या घरी आणल्यापासून ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. कोणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचे. लोक हळू आवाजात म्हणायचे, झोप लागलीय, लागू द्या. झोपबिप काही नव्हती. मास्तरांना आपलं वाकडं झालेलं तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेचा मला भयंकर राग यायचा. आजारी बापावर काढता येत नाही, म्हणून तो मी भांड्यांवर काढायची.

फोटोंची कल्पना माझीच. घरातले सगळे जुने फोटो एका डीव्हीडीवर घालायचे आणि टीव्हीवर लावायचे. माणसांकडे बघवत नसेल तर निदान माणसांच्या फोटोंकडे बघतील, असा माझा हिशेब. तेव्हा आमच्याकडे डीव्हीडी प्लेअर नवा होता, आणि मी ऑफिसात कॉम्प्युटरवरच काम करायची, त्यामुळे त्यातलं आपल्याला बरंच कळतं असा माझा समज होता.

फोटो आईच्या पत्र्याच्या पेटीतून निघाले. स्टुडिओवाले रोल धुतल्यावर फुकट द्यायचे त्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये ते वर्षानुवर्षं पडून होते. आमच्याकडच्या पावसाने निम्मे फोटो प्लॅस्टिकला चिकटवून ठेवलेले. आत्याच्या चेहऱ्यावर बुरशीचे ठिपके पडले होते. आई म्हणाली, "तिला लहानपणी देवी आलेल्या, तशीच दिसते हाय. राहू दे."

त्या ढिगाऱ्यात दोन फोटो वेगळ्या कागदात गुंडाळलेले होते. ते बोहाड्याचे.

आमच्या गावच्या बोहाड्यात, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या मुखवट्यांच्या उत्सवात, वेताळाचं सोंग आमच्या घराकडे आहे. सोंग म्हणजे देवाचा किंवा राक्षसाचा मुखवटा बांधून संबळाच्या तालावर नाचायचं. कोणतं सोंग कोणत्या घरचं हे ठरलेलं असतं, त्यात दुसऱ्याने हात घालायचा नाही. वर्गात पोरांना कधी पट्टी न मारणारे आमचे बाबा वर्षातून एकदा वेताळ व्हायचे. मुखवटा एकदा बांधला की आत बाबा नाहीत, देव आहे. त्याने बोलायचं नाही आणि त्याला कोणी नावाने हाक मारायची नाही. आईसुद्धा कुंकू लावून पाया पडायची. नाच संपला की मागच्या बाजूला मुखवटा उतरायचा. मग आमच्या घरची एक रीत होती. आई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची आणि विचारायची, "आलात का?" बाबांनी म्हणायचं, "आलो." मगच पाणी प्यायचं, मगच आई बाहेरच्यांना सांगायची, "आले." तोवर त्यांना कोणी हात लावायचा नाही. लहानपणी मला त्या मधल्या वेळाची भीती वाटायची. मुखवटा उतरलाय, चेहरा बाबांचाच आहे, पण ते अजून आलेले नाहीत.

बोहाडा बघायला बाहेरून आलेल्या कोणा पाहुण्याने ते दोन्ही फोटो काढून पोस्टाने पाठवले होते. एकात वेताळ. दुसऱ्यात मुखवटा उतरवलेले बाबा, उजाडायच्या वेळचे, कपाळावरून घाम निथळतोय, आणि कडेला आईचा अर्धा हात आणि तांब्या.

आता सॉफ्टवेअर. आमच्या बाजारपेठेत एक कॉम्प्युटर क्लास होता. त्याच्या मालकांची पूर्वीची दोन पिढ्यांची किराणा पेढी, त्यामुळे सॉफ्टवेअरसुद्धा ते गुळासारखं दाखवायचे, चाखून बघा, आवडलं तर घ्या. फोटो त्यांच्याकडेच स्कॅन केले. पहिलं सॉफ्टवेअर त्यांच्या डीव्हीडी रायटरसोबत आलेलं. फुकट होतं, पण विकत घ्या म्हणून सांगणारी इंग्रजी पाटी प्रत्येक फोटोवर आडवी यायची. आजोबांच्या छातीवर ती एखाद्या गुन्हेगाराच्या पाटीसारखी दिसत होती. मी नको म्हटलं.

दुसऱ्यात पाट्या नव्हत्या, पण हौस उतू चालली होती. बदाम, गुलाब, फुगे, वरून पडणारा बर्फ. मोखाड्याच्या उन्हात उभ्या असलेल्या माझ्या काकांवर बर्फ पडताना मी डोळ्यांनी पाहिला. फोटो कधी पतंगासारखा गिरक्या घेत यायचा, कधी पान उलटल्यासारखा दुमडायचा. मालक म्हणाले, "ताई, लग्नाला सगळे हेच घेतात."

"आमच्याकडे लग्न नाहीये," मी म्हटलं.

"मग वाढदिवसाचंही आहे."

ते माझ्या भल्यासाठीच सांगत होते, हे कळत असूनही मी जरा फाडकन बोलले. त्यांनी राग मानला नाही. तिसरं लावलं. ते साधं होतं, झटपट होतं, फोटो टाका आणि चहा पिऊन या, तोवर शो तयार. फोटो ओळीने यायचे, प्रत्येक पाच सेकंद. खाली मालकांनी बासरी घातली. मी खूश झाले. मधे वीज गेली म्हणून एक डीव्हीडी फुकट गेली, ती आईने परसातल्या वालावर पाखरं हाकलायला टांगली. दुसरी नीट राईट झाली.

रविवारी दुपारी आम्ही बाबांची खुर्ची टीव्हीसमोर आणली. आधी त्यांनी मान वळवलीच नाही. मग त्यांच्या पहिल्या शाळेचा फोटो आला, पत्र्याचं छप्पर, समोर उघडी पोरं, आणि कडेला काडीसारखे बाबा. त्यांची मान वळली. मी श्वास रोखून बसले. एक फोटो गेला, दुसरा गेला, त्यांनी नजर काढली नाही.

आणि मग वेताळ आला.

आई ताडकन उठली. तिच्याबरोबर माझा नवरा उठला, मीही उठले. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सोंग समोर आल्यावर आमच्याकडे कोणी बसून राहत नाही, मग ते टीव्हीत का असेना. आईने शेजारच्या फळीवरचा कुंकवाचा करंडा झपकन उचलला. बाबांच्या डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं होतं. ते त्या मेलेल्या हाताला वर उचलत होते. हात जोडायचे होते त्यांना. आजारपणात पहिल्यांदा त्या माणसाला काहीतरी करायचं होतं. हात मांडीवरून निघाला, पोटापर्यंत आला, आणि पाच सेकंद झाले. वेताळ गेला. त्याच्या जागी माझ्या मामाच्या लग्नाची पंगत आली. आईचं बोट तोवर काचेला टेकलं होतं. कुंकू लागलं ते तोंडात अख्खी जिलबी कोंबलेल्या मामाच्या कपाळावर.

माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. मलाही आलं असतं, पण मी बाबांकडे बघत होते. त्यांनी उजवा हात हळूच परत मांडीवर ठेवला, वहीत चुकलेलं गणित झाकावं तसा. मग मान भिंतीकडे. दुपारचं जेवणही नको म्हणाले, म्हणजे तोंड मिटून घेतलं.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते. मी रिमोट घेऊन डीव्हीडी मागे नेली, वेताळावर थांबवली. जरा वेळ थांबवून ठेवली की त्या प्लेअरमधून कंपनीचं चिन्ह बाहेर यायचं आणि पडद्यावर टणाटणा उड्या मारायचं. ते नेमकं वेताळाच्या नाकावर जाऊन आपटलं. आई म्हणाली, "देवाच्या तोंडावर ह्ये काय नाचतं? बंद कर आदी."

मी बंद केलं. आई टीव्हीची काच पदराने पुसत राहिली. मग म्हणाली, "तुमी त्यांना सोंगात घातलं आन् तसंच पंगतीला नेऊन बसवलं. उतरवलंच नाय. ते यायचं कसं?"

मला आधी कळेना. मग डीव्हीडी परत लावून, पुढे पळवून पाहिली. तिसऱ्या सॉफ्टवेअरने फोटो आपल्या मर्जीने, फाइलींच्या नावांच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावले होते. मुखवटा उतरवलेला फोटो पार शेवटी, माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या केकनंतर गेला होता. आईच्या हिशेबाने बाबा अख्ख्या लग्नात, बारशात आणि वाढदिवसात वेताळच होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी थेट क्लासवर गेले. मालकांना म्हटलं, मला बर्फ नको, बासरी नको. एक फोटो मी सांगेन तितका वेळ थांबला पाहिजे आणि मी सांगेन तोच फोटो त्याच्यामागे आला पाहिजे. एवढं ज्यात होतं ते द्या.

"ताई, एकच फोटो इतका वेळ कोण बघतं? लोक कंटाळतात."

मी त्यांना सगळं सांगितलं. बाबांचा हात, मामा, कुंकू. मामाच्या जिलबीला ते हसले. बाबांनी त्यांना कधी शिकवलं नव्हतं की आमची काही जुनी ओळखही नव्हती, पण ते उठले आणि कपाटातल्या सीड्या उपसायला लागले. जे सापडलं ते दिसायला अगदी दळभद्री होतं. काळी चौकट, राखाडी बटणं, एकही फूल नाही. मराठी अक्षरं लिहिली तर चौकोन उमटायचे. दोनदा हँग झालं. पण प्रत्येक फोटोखाली एक छोटा रकाना होता, त्यात त्या फोटोचा वेळ लिहायचा. आणि फोटो माउसने उचलून हवा तिथे ठेवता येत होता. मी म्हटलं, हेच.

किती वेळ लिहायचा, हा प्रश्न होता. घरी येऊन आईला बंद टीव्हीसमोर उभं केलं आणि म्हटलं, वेताळ आलाय असं समज आणि तुझं सगळं कर. ती आधी लाजली. मग करंडा उघडला, कुंकू लावलं, तांदूळ वाहिले, डोळे मिटून हात जोडले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. बाबा कॉटवरून बघत होते की नाही, हे मी मुद्दाम पाहिलं नाही. आईला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट मी वेताळाला दिला, कारण बाबांचा हात सावकाश होता. आणि उतरवलेल्या फोटोला त्याहून जास्त. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. देवापेक्षा माणसाला यायला जास्त वेळ लागतो, असं काहीतरी मनात असावं.

पुढच्या रविवारी परत खुर्ची मांडली. बाबा यायला तयार नव्हते. आई त्यांना नुसती खांद्याला धरून उठवत राहिली, तेव्हा आले. बासरी नव्हती. फोटो शांतपणे येत होते, जात होते, ना गिरकी, ना बर्फ. घरात पंख्याचा तेवढा आवाज.

वेताळ आला. आम्ही उठलो. या वेळी आईने करंडा आधीच कमरेला खोचला होता. कुंकू वेताळालाच लागलं. बाबांच्या डाव्या हाताने उजवा हात धरला. मांडीवरून पोटाशी, पोटावरून छातीशी. एकदा सुटला. परत धरला. वेताळ थांबून होता. मी त्या दळभद्री सॉफ्टवेअरला मनातल्या मनात म्हणत होते, थांब रे, थांब जरा. बाबांचे हात जुळले. वाकडेच जुळले, बोटं एका रेषेत नव्हती, पण जुळले, आणि त्यांची मान खाली गेली.

मग फोटो बदलला. घामाने निथळणारे बाबा, आणि आईचा अर्धा हात.

मी वळून पाहिलं तर आईच्या हातात तांब्या होता. तो तिने कधी आणून ठेवला होता, मला ठाऊक नाही. ती बाबांच्या समोर उभी राहिली, टीव्ही तेवढा दिसेल अशी थोडी बाजूला, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आलात का?"

बाबा फोटोकडे बघत राहिले. त्यांचा जबडा हलला, थांबला. मला वाटलं, आता मान भिंतीकडे जाणार. मी डोळे मिटून घेतले. मला ते बघायचं नव्हतं.

"आ," बाबा म्हणाले, आणि मी डोळे उघडले. खूप वेळ ते तेवढ्यावरच होते. पुढचं अक्षर ओठांत अडकलं होतं, ते येता येत नव्हतं, आणि ते त्याला सोडतही नव्हते. फोटो अजून तिथेच होता. "आ... लो."

आईने त्यांच्या तोंडाला तांब्या लावला. अर्धं पाणी आत गेलं, अर्धं सदऱ्यावर. मग ती आमच्याकडे वळली आणि, आम्ही तिथेच उभे असूनही, बाहेरच्यांना सांगावं तसं मोठ्याने म्हणाली, "आले."

टीव्हीवर मामाची पंगत बसली होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.