तिघांचा निकाल आणि माझा अंगठा

ये, अशी जवळ सरक. उभ्या उभ्या विचारून निघून जायची तुझी सवय काही जात न्हाई बघ. फोनवर विचारलंस, "आत्या, तू माझ्या आबाला कोर्टात का ओढलंस?" आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणतीस, "बस आली, ठेवते." असलं विचारून कुणी फोन ठेवतं का माय? चार दिस तुझा तोच सवाल कानात वाजायलाय. म्हणून लिहायला बसले. मी समोर बसून बोलायलेय असं धर आणि मधी उठू नको.

माझ्या बापाची तेरवी झाली तवा तू पाळण्यात होतीस. पंगती उठल्या, भावकीनं तुझ्या आबाच्या, माझ्या भावाच्या, डोक्याला पागोटं बांधलं आणि आमच्याकडं रीत हाय तशी बहिणींची साडीचोळी पुढं ठेवली. त्या वेळी थोरल्या बहिणीनं बोलायचं असतं. मी बोलले, "आमाला वावरातलं काही नको. भावाचं घर भरलेलं राहू दे, पंचमीला माहेरी न्यायला मुराळी धाडत जा म्हंजे झालं." दोघींच्या वतीनं बोलले. धाकली बहीण मागं चुलीपाशी भांडी आवरायली होती, तिला कुणी बाहेर बोलावलंबी न्हाई. मग तलाठ्यानं एक कागद पुढं सरकवला, "अक्का, इथं." मला तवा अक्षर येत न्हवतं. अंगठा शाईत बुडवला, लावला आणि पदराला पुसला.

धाकलीला सासरी नांदवलं न्हाई हे तुला ठाऊक हाय. दोन वर्षांत परत आली. तवापासून पेडगावच्या मळ्यात, पत्र्याच्या घरात राहती. विहिरीवरचं सगळं तीच बघती. बांधावरचा शेवगा तिच्याच हातचा. मी जिंतूरला माझ्या घरी, मला कशाला त्या कागदाची याद येती?

मग त्या मळ्यामागं प्लॉटिंगवाले लागले. तुझा आबा धाकलीला म्हणाला, "तू गावात आमच्याकडं ये, वसरीत तुझी सोय करतो." ती म्हणाली, "वसरीत खाट मावंल दादा. शेवगा मावंल का?" तरीबी प्लॉटिंगवाले फीत घेऊन मोजायला आले. त्याच दिवशी धाकली एस्टीनं जिंतूरला माझ्या दारात. पाणी बी पिली न्हाई. म्हणाली, "अक्का, तू माझ्या वतीनं बोललीस ना? मग आता परत बोल."

दुसऱ्या दिवशी दोघी एस्टीत बसलो.

परभणीच्या वकीलसाहेबाकडं गेलो. त्यानं पहिलंच विचारलं, "मावशी, वडील कधी वारले?" सांगितलं. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, लेकीला भावाइतका वाटा देणारा कायदा वडील गेल्यावर झाला. आता दिल्लीच्या मोठ्या कोर्टात दोन जज्जांनी सांगून ठेवलंय की कायदा बदलला त्या दिवशी बाप जिता असंल तरच लेकीचा हक्क. आणि पुढं दुसऱ्या दोघांनी एका निकालात बाप आधीच गेलेल्या लेकींनाबी वाटा दिलाय.

"मग आमचं कोणतं?"

"तेच तर. खालच्या कोर्टाला वरच्याचं ऐकावंच लागतं. पण वरचेच दोन तोंडांनी बोलले तर जज्जसाहेबांनी कोणाचं धरावं?"

मी म्हणले, "मग आणखी दोघं बसवा म्हणावं."

वकीलसाहेब हसला. "दोघांचं दोघांना मोडता येत न्हाई मावशी. तीन बसवायला लागतात. तिघं काय म्हणतात तिकडं सगळा देश डोळे लावून बसलाय." जुन्या कायद्याच्या हिशोबानं काय मिळंल तेबी त्यानं सांगितलं. बापाच्या हिश्शातला एक बारका तुकडा. त्यात ना विहीर येती ना घर.

त्याचे म्हातारे मुनशी कोपऱ्यात फायलीला दोरी बांधायले होते. ते म्हणाले, "बाई, ह्याला नजीर म्हणतात. मोजणीवाला वावरात आला की आधी जुना हद्दीचा दगड हुडकतो की न्हाई? तिथून पुढं टेप लावतो. तसं हे. आधी कुणाचा तरी फैसला झालेला असतो, तिथून पुढं मोजायचं." मला ते पटलं, पण मोजणीला एकाच हद्दीचे दोन दगड निघाले तर काय होतं ते मी पाहिलंय. डोकी फुटतात.

दावा टाकायला सही लागती. पुन्हा अंगठा लावायचा न्हाई असं मी ठरवलं. नातीच्या पाटीवर तिच्याकडूनच शिकले. आधी माझं नाव, मग धाकलीचं, मग बसच्या पाट्या. आता पेपर वाचती. पेपरात "कोर्ट" असं दिसलं की चष्म्याआधी हात छातीवर जातो.

मुराळी बंद झाला. तुझी आई म्हणाली, "वन्सं, आता पंचमीला मुराळी कशाला? समन्सच धाडू." हसून म्हणाली, पण लागलं. आणि तुझा आबा? कोर्टाच्या पायऱ्यांवर दिसला की पाण्याची बाटली पुढं करायचा. "अक्का, ऊन लय हाय, पी." मी प्यायचे. मग तो त्याच्या वकिलाकडं जायचा, मी माझ्या.

करोनाच्या साली कोर्टं बंद पडली. त्या पावसाळ्यात मी धाकलीकडंच अडकले होते. दोघी तोंडाला फडकी बांधून मूग तोडायलो होतो. विहिरीपाशी फोन वाजला. वकीलसाहेब ओरडायला लागला, "मावशी, तिघांचा निकाल आला! बाप जिता असो, नसो, लेकीचा हक्क जन्मापासून!"

मी ते धाकलीला सांगितलं. धाकली उभीच. पदराच्या वट्यात मूग तसाच धरून तिनं विचारलं, "अक्का, त्या तिघांला पेडगाव कुठं हाय ते माहीत हाय का गं?"

"न्हाई."

"मग आपलं त्यांला कसं कळलं?"

काय सांगू तिला? ते भांडण आपलं न्हवतंच. कुठली तरी दुसरी लेक, तिचा दुसरा बाप, दुसरं वावर. ती न थकता तिथवर गेली म्हणून आपल्याला हे घावलं. ती मधीच दमून घरी बसली असती तर? रात्रभर माझ्या मनात हेच. आपण जिला बघितलंबी न्हाई तिच्या दमावर आपली विहीर.

तुला वाटंल, मग झालं की. न्हाई झालं. वकीलसाहेबानं तो निकाल मला वाचून दाखवला. त्यात हायच की नुसत्या तोंडी वाटणीचं कुणी सांगितलं तर सहजी धरायचं न्हाई. मी सुटले म्हणले. पण पुढं एक फट ठेवलीय. सरकारी कागदानं पक्कं शाबित झालं तर, क्वचित, धरताबी येतं. आणि तुझ्या आबाच्या वकिलानं तलाठ्याचा तो तेरवीचा कागद, फेरफाराचा, काढलाय. त्याच्यावर माझा तो अंगठा. त्यांचं म्हणणं, तेरवीला वाटणी झाली, बहिणींनी सोडलं, हा घ्या पुरावा. इतका मोठा निकाल आला, तिघांनी सांगितला, आणि माझ्या बोटाएवढ्या डागावर अडून बसलाय.

आता माझी साक्ष हाय. मला विचारतील, "त्या दिवशी दोघींच्या वतीनं बोललात का?" खोटं बोलणार न्हाई. बोलले म्हणून सांगणार. पण हेबी सांगणार की धाकलीला मी विचारलं न्हवतं, कागदावर तिची सही न्हाई, अंगठा न्हाई, आणि तिचं सोडून द्यायचा मला काही अधिकार न्हवता. त्यात माझा वाटा गेला तर जाऊ दे. तिचं घर आणि विहीर राहू दे. मी वकीलसाहेबाला विचारलं, "एवढ्यानं भागंल का?" तो म्हणाला, "भागायला पायजे." "पायजे" म्हणाला, "भागंल" न्हाई म्हणाला. तेवढ्या एका शब्दावर मी रोज उठती आणि झोपती.

तुझ्या आबावर माझा राग न्हाई. बापाच्या तेरवीला मी जे बोलले ते त्यानं खरं मानलं, त्यात त्याची काय चूक? पण तो निकाल तुलाबी लागू हाय हे ध्यानात ठेव. तुझ्यापुढं कुणी कागद सरकवला तर आधी वाच. माझ्यासारखं पदराला बोट पुसून मोकळी होऊ नको.

साक्षीची तारीख पंचमी झाल्यावर आठ दिसांनी लागलीय. तू कुणाच्या बाजूनं बस असं मी म्हणणार न्हाई, तो तुझा बाप हाय. फक्त आधी दोन दिस ये. धाकलीकडं उतर, मी तिथंच हाय. माझ्यासमोर बस आणि वकिलासारखे उलटे सुलटे सवाल विचार मला. तुझ्यापुढं माझी जीभ अडखळली न्हाई तर तिथंबी अडखळायची न्हाई. पुण्याची गाडी सकाळी परभणीला लागती, पुढं पेडगाव काही लांब न्हाई. लवकर ये माय, तारखेच्या आधी ये.