टेसलेशनची फजिती

स्टाफरूममध्ये चहा उशिरा आला की किस्से साचतात. भोकरकडच्या आमच्या शाळेत हल्ली ते एकाच शब्दाभोवती साचलेत: टेसलेशन! सांगताना हसू येतं, पण मान खालीच जाते.

मी गणिताची, शिंदे सर चित्रकलेचे. लातूरच्या प्रशिक्षणात सांगितलं, "गणित आणि कला जोडा. एकच आकार शेजारीशेजारी मांडत जा. मध्ये फट नको, एकावर एक नको. हेच टेसलेशन." परतताना बसमध्ये आम्ही दोघं नुसते भारावलेलो!

*

सातवीत मी जोशात पुठ्ठ्याचे पंचकोन कापून नेले. तीन जुळले, चौथा काही बसेना. म्हटलं, "कात्री बोथट आहे गं."

पहिल्या बाकावरची सारिका म्हणाली, "कात्रीचं न्हाई मॅडम, कोनाचं हाय. छत्तीस अंश उरून राहिले!"

*

तपासणीला साहेब आले. मुख्याध्यापकांना विचारलं, "टेसलेशन झालं का मुलांचं?"

सर ताठ उभे राहिले. "झालं साहेब, शंभर टक्के! टोचल्यावर एकालाही ताप आला नाही!"

साहेबांनी शेरा लिहायला काढलेलं पेन परत खिशाला लावलं.

*

शिंदे सरांनी पोरांकडून भिंतभर पोपट रंगवून घेतले. एकाच्या पंखात दुसऱ्याची चोच, तसूभर फट नाही. पालकसभेला एक वडील बराच वेळ बघत थांबले. सर खूश! "कसं वाटलं?"

"पोपट लई झ्याक हायत सर. पण उडायला एकालाबी जागा न्हाई."

त्या दुपारी सरांनी डबा उघडला नाही.

*

मग सरांनी खिचडीच्या वेळी व्हरांड्यात खडूनं षटकोन काढले, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे एकाला एक चिकटून. पोरं तेवढेच षटकोन. एकेकानं एकेकात बसायचं, जेवताजेवता गणित! पोरं धावत जाऊन बसली. मी फोटो काढायला मोबाइल वर धरला.

मधली आख्खी ओळ रिकामी. अलीकडे गावातली पोरं, पलीकडे वस्तीवरची. आणि काही पोरं ताटं धरून उभीच.

रोज याच व्हरांड्यात आम्ही दोघं देखरेखीला असतो.

सर म्हणाले, "अरे, जागा आहे की! बसा ना. सारिका, ही ओळ का सोडली गं?"

सारिका घास गिळून म्हणाली, "ती रोज मोकळीच असती सर."